गिरीजचा ठोसा, आगाशीचा ठोसा

बळीराम मोंडकर घराबाहेर पडला की कुणी ना कुणी त्याला अडवायचंच. आगाशीच्या एसटीत शेजारी बसलेला माणूस, तुळिंजच्या बाजारातली सुकटवाली, केस कापता कापता कात्री थांबवणारा न्हावी. सगळ्यांचा प्रश्न एकच. "काय बळीरामभाऊ, आज खरं सांगून टाका. जड कुणाचा?"

कशाचा, ते कुणाला सांगावं लागत नसे. विषय ठोशाचा होता.

नव्वद साल उजाडलं तेव्हा वसई तालुक्यात दोन हेवीवेट बॉक्सर एकाच वेळी नावारूपाला आले. एक गिरीजचा व्हॅलेरियन तुस्कानो. केळीच्या वाडीत वाढलेला, बुटका पण रुंद, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असा. दुसरा आगाशीचा हरेश्वर चोरघे. खाडीकाठच्या भातशेतीत राबणाऱ्या घरातला, ताडमाड उंच, हात वल्ह्यांसारखे लांब. या दोघांपुढे रिंगमध्ये जो उभा राहील तो आडवा व्हायचा. तालुक्याचे सरळ दोन तट पडले. गिरीजची माणसं व्हॅलेरियनच्या उजव्या हाताची शपथ घेत, आगाशीची माणसं हरेश्वरच्या डाव्याची. गंमत अशी की त्या दोघांची आपसात लढत कधी झालीच नाही. ती होणार अशी जिल्हाभर हवा झाली, नेमकी त्याच वर्षी व्हॅलेरियनला बहारीनच्या गोदीत नोकरी लागली. तो परत आला तोवर हरेश्वरनं ग्लोव्हज खुंटीला टांगले होते. वाद मिटायची सोयच राहिली नाही.

मग दोघांचाही मार खाल्लेला माणूस कोण, याचा शोध सुरू झाला. असा एकच होता, तुळिंजचा बळीराम. मूळचा मालवणकडचा, मुंबईच्या पाणीखात्यात नोकरीला. तो एका वर्षी हरेश्वरकडून हरला आणि पुढच्या वर्षी व्हॅलेरियनकडून. दोन्ही वेळा गुणांवर हरला, म्हणजे शेवटची घंटा होईपर्यंत तो पायांवर होता. त्या दोघांच्या हातचा पुरा मार खाऊन उभा राहिलेला दुसरा माणूस नव्हता. तेव्हापासून तालुक्यानं त्याला 'उभा बळीराम' असं नाव ठेवलं. काहीजण ते मानानं घेत, काहीजण हसत हसत.

प्रश्नाचं उत्तर मात्र बळीरामनं कधी दिलं नाही. "दोघांचाही लागला होता, एवढं आठवतंय," असं म्हणून तो पुढं व्हायचा. त्याला कारण होतं. व्हॅलेरियन परत आल्यावर विरारला एका कार्यक्रमात दोघांचा सत्कार झाला होता. तिथं हरेश्वर माइकवर बोलून गेला, "व्हॅलेरियनचा ठोसा म्हनजे नुसता धक्का. गर्दीत पन लागतो तसला." व्हॅलेरियननं बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "आणि ह्याचा म्हणजे चापट. मास्तर मारतात तसली." लोक हसले. ते दोघे मात्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलेनासे झाले. बळीराम नाताळला एकाकडे जायचा आणि गणपतीला दुसऱ्याकडे, आणि दोन्ही घरांत दुसऱ्याचं नाव घ्यायचा नाही.

हे असंच चालत राहिलं असतं. पण बळीरामची मुलगी उन्नती मोठी झाली.

उन्नती बापावर गेली होती. रुंद खांदे, जाड मनगटं, चालली की जिन्यालाही कळायचं. शाळेत तिला पोरी काय काय म्हणायच्या ते तिनं घरी कधी सांगितलं नाही. दहावीनंतर तिनंच बापाला विचारलं, "बाबा, मुलींचं बॉक्सिंग सुरू झालंय म्हणतात. मी जाऊ?" बळीरामनं बायकोकडं पाहिलं. सरोजिनी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हातात एवढं बळ दिलंय देवानं, ते काय माझ्यासोबत नारळ फोडायला?" झालं, ठरलं.

पुढची दोन वर्षं उन्नतीनं मेडलं आणली. तालुक्याचं आणलं, जिल्ह्याचं आणलं. पण ती मेडलं तिनं भिंतीवर लावू दिली नाहीत. तिच्या वजनगटात दुसरी मुलगीच नसायची. ही रिंगमध्ये चढायची, समोरचा कोपरा रिकामा, रेफ्री हिचा हात वर करायचा, मेडल गळ्यात. बिल्डिंगच्या सत्यनारायणाला सोसायटीनं तिला शाल दिली, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "बरंय ना, नुसतं वजन करायचं आणि मेडल घेऊन घरी यायचं." उन्नतीनं ते ऐकलं. बळीरामनंही ऐकलं.

घरी आल्यावर तिनं शाल खुर्चीवर टाकली. "बाबा, त्यांचं काय चुकलं? मला अजून कुणी मारलंच नाही. मग मी जिंकले कशी?"

बळीरामनं शाल उचलली आणि तिची घडी घालू लागला.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी बातमी आली. राज्य स्पर्धा नाशिकला होती आणि या खेपेला तिच्या वजनगटात आणखी एक नाव होतं, अकोल्याची ऋतिका वानखडे. विदर्भात मुलांबरोबर सराव करून तयार झालेली पोरगी. तिनं एका स्पर्धेत दोघींना दुसऱ्या फेरीच्या आत थांबवलं होतं असं कोच सांगत होते. उन्नतीचा चेहरा खुलला. बळीरामला मात्र वेगळीच काळजी लागली. जिला कधी ठोसा लागलेला नाही, तिला पहिला ठोसा असल्या हाताचा लागणार होता.

तो रोज संध्याकाळी हातात पॅड बांधून तिच्यासमोर उभा राहू लागला. दोन दिवसांत त्याच्या लक्षात आलं की हे फुकट आहे. बापासमोर तिचा हात शेवटच्या क्षणी मऊ पडत होता.

"पूर्ण मार," तो म्हणायचा.

"मारतेय की."

"खोटं बोलू नकोस. मला कळतं."

"तुमचा खांदा दुखतो, बाबा," ती शेवटी म्हणाली. "माझा हात नाही उचलत तुमच्यावर."

त्या रात्री जेवताना सरोजिनी सहज म्हणाली, "अहो, ज्यांनी तुम्हाला मारलं त्यांच्याकडे न्या ना हिला. त्यांच्यावर उचलेल हात."

बळीरामचा घास हातातच राहिला.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर बापलेक गिरीजला गेले. व्हॅलेरियन वाडीत केळीची सुकलेली पानं छाटत होता. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते, पण हात तेच. त्याची बायको बर्था हिनं उन्नतीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "किती छान अंग आहे गो तुझं! बस, आधी काहीतरी खा."

व्हॅलेरियननं सगळं ऐकून घेतलं. मग विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत उभा राहिला, छातीला जाडजूड पट्टा बांधला आणि म्हणाला, "मार."

उन्नतीनं मारलं. व्हॅलेरियन हललाही नाही.

"हे हातानं मारलंस," तो म्हणाला. "हातात काय असतं? दोन हाडं. ठोसा टाचेत असतो. टाच जमिनीत रोव, कंबर फिरव, हात नुसता मागून येतो. वाडीत फावडं मारतात तसा." त्यानं तिचे पाय धरून जागेवर ठेवले, कंबर फिरवून दाखवली. "आता मार."

चौथ्या-पाचव्या खेपेला असा काही आवाज आला की बर्था ओसरीवरून उठून उभी राहिली. व्हॅलेरियन अर्धं पाऊल मागं सरकला होता. त्यानं आपल्या पायांकडं पाहिलं, मग बळीरामकडं. "तुझी आहे खरी," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "हरेश्वरकडं नाही ना नेणार हिला?"

बळीरामनं केळीच्या घडाकडं पाहत विचारलं, "हा घड कधी उतरवणार?"

कारण बुधवारी तो तिला आगाशीला घेऊन जाणार होता. हे त्यानं मनाशी ठरवलेलंच होतं. ऋतिकाचे हात लांब होते असं ऐकलं होतं, आणि लांब हातांचा माणूस तालुक्यात एकच होता.

हरेश्वर चोरघेच्या अंगणात भाताचे भारे रचलेले होते. त्याची बायको हंसा पाणी घेऊन आली. हरेश्वर अजून काटक होता. त्यानं पॅड घेतले नाहीत, ग्लोव्हजच घातले. "पोरी, मी मारनार," तो म्हणाला. "हळू मारनार, पन मारनार. तू फक्त बघ हात कुठून येतो."

तिला दिसलं काहीच नाही. कपाळावर टप, कानाशी टप, बरगडीत टप. हेडगार्ड होतं म्हणून बरं. चिडून तिनं मोठा उजवा फिरवला, तो हवेत गेला आणि तेवढ्यात पुन्हा टप.

"मोठा ठोसा मारायची घाई झाली की माणूस आधी सांगतो," हरेश्वर म्हणाला. "खांदा सांगतो, डोळा सांगतो, नाक फुगतं. तू कोनाला काही सांगू नको. गप्पा मारता मारता मारायचं." त्यानं तिला डावा हुक शिकवला. आखूड, कोपर वाकवून, दाराची कडी लावावी इतक्या सहज.

अशा रीतीनं रविवार गिरीज आणि बुधवार आगाशी असं सुरू झालं. दोन्हीकडं दुसऱ्याचा पत्ता नाही. उन्नतीला ही चोरी आवडत नव्हती. "एवढे मोठे झालेत दोघं," ती म्हणायची, "आणि शाळेतल्या पोरींसारखे कट्टी घेऊन बसलेत." पण ती रोज सुधारत होती. रात्री तिच्या अंगावर निळे डाग दिसत, आणि ती ते आरशात बघून सरोजिनीला दाखवी. शाळेतल्या बक्षिसासारखे दाखवी.

ही लबाडी फुटली ती तिच्या पायांमुळं. एका बुधवारी हरेश्वरच्या अंगणात तिनं डाव्याच्या पाठोपाठ उजवा सोडला. टाच रोवली, कंबर फिरली आणि हरेश्वर भाताच्या भाऱ्यावर जाऊन बसला. हंसानं तोंडावर पदर धरला. हरेश्वर उठला नाही. तिथंच बसून तो उन्नतीच्या पायांकडं बघत राहिला.

"हे पाय कोनाचे?" तो म्हणाला.

उन्नतीनं बापाकडं पाहिलं.

"बळी, मी विचारतो, हे पाय हिला कोनी दिले? मी त्याची एकूनएक लढत बघितलीय. मागच्या बाकावर बसून, टोपी घालून. हा टाचेचा प्रकार या तालुक्यात एकच मानूस करतो." तो उठला, अंगावरचं तूस झटकलं आणि स्कूटर काढली. "बसा मागं. नाहीतर एसटीनं या. मी निघालो गिरीजला."

बापलेक एसटीनं पोचले तेव्हा वाडीत दोघं समोरासमोर उभे होते. मधे बर्था होती, एका हातात कोयता घेऊन, कारण ती नारळ सोलत होती आणि तशीच धावली होती.

"माझ्या पाठीमागं हा माझ्या पोरीला शिकवतो!" हरेश्वर ओरडत होता.

"तुझी पोरगी? दर रविवारी माझ्याकडं जेवते ती!" व्हॅलेरियन म्हणाला. "आणि डावा हात तिला तू शिकवलास होय? तरी म्हटलं, हिचा हात मला दिसायच्या आधी लागतो कसा."

हे शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. हरेश्वरच्याही लक्षात आलं. मग दोघंही एकदमच बळीरामकडं वळले.

"आज सांगायचं," हरेश्वर म्हणाला. "इतकी वर्षं दात काढून चुकवलंस. जड कोनाचा?"

"सांग, बळी," व्हॅलेरियन म्हणाला. "जे असेल ते. मी राग नाही धरणार."

बळीराम विहिरीच्या कठड्यावर बसला. उन्नती त्याच्याकडं बघत होती. बापाला या लढतींबद्दल बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिच्यासाठी ते नुसतं नाव होतं, उभा बळीराम, आणि त्यामागचं हसू.

"हरेश्वर, तुझा मला कधी दिसलाच नाही," तो हळूहळू बोलू लागला. "दुसऱ्या फेरीत कानशिलावर लागला. दुखलं नाही काही. फक्त दिवे लांब गेले. लोक ओरडत होते ते ऐकू येईना, आणि मला वाटलं मी मालवणच्या आमच्या घराच्या पायरीवर बसलोय. कुठली फेरी चाललीय तेच कळेना. घंटा झाल्यावर मी तुझ्याच कोपऱ्यात जाऊन बसायला लागलो होतो, आठवतं?"

"आठवतं," हरेश्वर म्हणाला. "मीच तुला धरून फिरवलं."

"संध्याकाळपर्यंत उतरलं ते. घरी येऊन जेवलो सुद्धा." मग तो व्हॅलेरियनकडं वळला. "तुझा मला दिसत होता. प्रत्येक. निघाला, आला, आता लागणार, सगळं दिसायचं. मी कोपर आड घालायचो आणि तू कोपरासकट आत घालायचास. बरगडीत एक बसला, त्यानंतर श्वास घ्यायला मला आठवण करावी लागत होती. पुढं आठवडाभर सरोजिनी मला कूस वळवून द्यायची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आमच्या. जड विचारता ना? जड व्हॅलेरियनचा. माझ्या अंगावर पडलेली सगळ्यांत जड गोष्ट आहे ती. पण तुम्ही जर मला विचाराल की पुन्हा कुणासमोर उभं राहायला घाबरेन, तर हरेश्वरसमोर. जडाची तयारी करता येते. न दिसणाऱ्याची काय करणार?"

बर्थानं कोयता खाली ठेवला. हरेश्वरनं टोपी काढून डोकं खाजवलं. चेहरा जरा पडला होता, जरा उजळला होता.

"म्हनजे धक्का नाही म्हनतोस," तो म्हणाला.

"नाही."

"आणि चापट पण नाही," व्हॅलेरियन पुटपुटला.

"नाही रे."

मग व्हॅलेरियन उन्नतीकडं वळला. "पोरी, तुला एक सांगतो. बहारीनला असताना लोक मला विचारायचे, तुझ्या ठोशाला किती पडले? मी सांगायचो, सगळे. मग रात्री झोप यायची नाही. कारण एक पडला नव्हता. तिसऱ्या फेरीत मी ह्याला माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला ठोसा मारला. असा पुन्हा कधी बसला नाही. हा वाकला, गुडघा जमिनीला लागायला दोन बोटं राहिली, आणि हा सरळ झाला. त्या दिवशी मेडल मला मिळालं. पण घरी मी हिला," त्यानं बर्थाकडं बोट केलं, "काय म्हणालो?"

"म्हणाला, तो माणूस आज माझ्यापेक्षा मोठा होता," बर्था म्हणाली.

"मी पन तेच म्हनालो होतो," हरेश्वर घाईघाईनं म्हणाला, "हंसाला विचारा पाहिजे तर."

उन्नतीनं बापाकडं पाहिलं. बळीराम खाली मान घालून कठड्याचं हाताला लागलेलं शेवाळ पुसत होता. त्याचे कान लाल झाले होते. तिला एकदम वाटलं की सत्यनारायणाच्या मागच्या रांगेतल्या त्या माणसाला, न्हाव्याला, शाळेतल्या त्या पोरींना, सगळ्यांना आत्ता इथं आणून उभं करावं.

"का नाही पडलात, बाबा?" तिनं विचारलं.

बळीरामनं जरा विचार केला. "पडायचं सुचलंच नाही," तो म्हणाला.

त्यानंतरचे आठवडे वाडीत जत्रा असल्यासारखे गेले. दोघं एकत्र शिकवू लागले आणि दर पाच मिनिटांनी भांडू लागले. एक म्हणे खाली वाक, दुसरा म्हणे उंच राहा. उन्नती दोघांचं ऐकून मधलंच काहीतरी करी, आणि दोघंही ते आपणच शिकवलं असं समजून खूश होत.

नाशिकला ते व्हॅलेरियनच्या भाजीच्या टेम्पोतून गेले. पुढं तो आणि हरेश्वर, मागं ताडपत्रीखाली बळीराम, सरोजिनी आणि उन्नती. पुढच्या खिडकीतून घाटभर वादाचा आवाज येत होता.

ऋतिका वानखडे रिंगमध्ये चढली तेव्हा सरोजिनीनं बळीरामचं मनगट धरलं. पोरगी उन्नतीपेक्षा वीतभर उंच होती. घंटा झाली आणि पहिल्याच मिनिटाला तिचा सरळ डावा उन्नतीच्या नाकावर बसला. डोकं मागं गेलं. ओठावर रक्त आलं.

बळीराम जागेवरून अर्धा उठला. आता ही काय करते?

उन्नतीनं ग्लोव्हजनं नाक पुसलं, त्यावरचं रक्त पाहिलं, आणि हसली. खरंच हसली. अनोळखी माणसानं पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं तिला मारलं होतं. समोरचा कोपरा रिकामा नव्हता.

पहिली फेरी ऋतिकाची झाली. दुसऱ्या फेरीत उन्नती जवळ शिरू लागली. दोन खाल्ले तर एक देऊ लागली. हरेश्वर कठड्याला धरून पुटपुटत होता, "सांगू नको, सांगू नको, कोनाला सांगू नको." आणि तिनं सांगितलं नाही. आखूड डावा कुठून गेला ते सभागृहात फारच थोड्यांना दिसलं. ऋतिकाचे हात किंचित खाली आले. त्याच जागेवर टाच रोवली गेली, कंबर फिरली, आणि उजवा बरगडीत गेला.

असा आवाज बळीरामनं पूर्वी एकदाच ऐकला होता, आणि तेव्हा तो त्याच्या स्वतःच्या अंगातून आला होता.

ऋतिका गुडघ्यावर बसली. रेफ्री मोजू लागला. सभागृह उठून उभं राहिलं. सरोजिनी ओरडत होती, व्हॅलेरियन आणि हरेश्वर एकमेकांचे खांदे गदागदा हलवत होते. बळीरामची नजर मात्र त्या खाली बसलेल्या पोरीवर होती. तिला आत्ता कसं वाटत असेल ते त्या छपराखाली त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती तोंड उघडून श्वास शोधत होती. मग तिनं दोरीला हात लावला आणि उभी राहिली. बळीरामनं टाळ्या वाजवल्या. सरोजिनीनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. "अहो, ती आपली नव्हे!"

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि वाजवतच राहिला.

ऋतिका नुसती उभी राहिली नाही, शेवटच्या घंटेपर्यंत लढली. तिसऱ्या फेरीत तिनं उन्नतीच्या डोळ्याखाली सूज आणली. पण गुण उन्नतीकडं झुकले होते ते झुकलेच. रेफ्रीनं दोघींचे हात धरले आणि लाल कोपऱ्यातला हात वर गेला. उन्नतीचा. बळीरामनं डोळे पुसले, आणि पुसतोय हे कुणी पाहिलं तरी त्याला फिकीर नव्हती.

"उजवा बघितलास?" व्हॅलेरियन म्हणाला. "गिरीजचा होता."

"डाव्यानं दार उघडलं म्हनून आत गेला तुझा उजवा," हरेश्वर म्हणाला.

मेडल गळ्यात पडल्यावर उन्नतीनं ते काढून ठेवलं नाही. तसंच घालून ती खाली उतरली आणि सरळ समोरच्या कोपऱ्याकडं गेली. ऋतिका बाकावर बसून बरगडीला बर्फ लावत होती.

"लई लागलं," ऋतिका म्हणाली. "कुठं शिकली तू हे?"

"वसईला."

"आमच्याकडं मले बी कोनी भेटत नाही मारायले. पोट्टे आता घाबरतात, पोरी येतच नाहीत. तुह्याकडं येऊ का मी?"

उन्नती तिच्या शेजारी बाकावर बसली. दोघींच्या मिळून वजनानं बाक करकरलं, आणि दोघी हसल्या. बळीराम थोडा दूर उभा होता. उन्नतीनं त्याला हाक मारली. "ऋतिका, हे माझे बाबा. ह्यांना आमच्या तालुक्यात उभा बळीराम म्हणतात." ते नाव तिनं असं उच्चारलं की ऋतिका बर्फ बाजूला ठेवून उठली आणि वाकून त्याच्या पाया पडली.

डिसेंबरात ऋतिका खरंच आली. तुळिंजच्या त्या दोन खोल्यांत सरोजिनीनं तिला महिनाभर ठेवून घेतलं, आणि दोघी जेवायला बसल्या की तवा खाली उतरत नसे. रोज पहाटे दोघी सायकलींवरून गिरीजला जात. नाताळच्या तयारीत बर्थाची वाडी कागदी चांदण्यांनी सजली होती, त्या चांदण्यांखाली विहिरीजवळ दोघी एकमेकींना पूर्ण ताकदीनं मारायच्या. कुणाचाच हात मऊ पडत नव्हता. हरेश्वर आगाशीहून स्कूटरवर येऊन चटईवर बसलेला असायचा, शेजारी व्हॅलेरियन. आता त्यांच्यात नवाच वाद पेटला होता, या दोघींत कुणाचा ठोसा जड, यावरून.

बळीराम कामावर जायच्या आधी थोडा वेळ तिथं थांबायचा. डबा हातात धरून, केळीला टेकून, लेकीकडं बघत.